झाडापासून पेल्यापर्यंत: कुकटपल्लीची ताडी

कुकटपल्लीत ताडीची दुकाने आहेत, पण ती भरतील एवढी ताडाची आणि शिंदीची झाडे तिथे नाहीत. सोलापूर, उमरगा, जहीराबाद, पटानचेरू असा येणारा राष्ट्रीय महामार्ग 65 हैदराबादेत शिरतो तो मियापूर, कुकटपल्ली, मूसापेट याच पट्ट्यातून. पुण्या-सोलापूरकडून बसने जाणाऱ्या मराठी माणसाला हैदराबादचे पहिले दर्शन इथे घडते: डोक्यावर मेट्रोचा पूल, दोन्ही बाजूंना साड्यांची आणि दागिन्यांची मोठमोठी दुकाने, कोचिंग क्लासचे फलक आणि मागच्या गल्ल्यांत पोटासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या लोकांची दाट वस्ती. त्या गल्ल्यांत, हमरस्त्यापासून थोडे आत, 'कल्लू कंपाउंड', म्हणजे ताडी पिण्याची आवारे, असतात. चार भिंतींचे आवार, वर पत्रे, बसायला बाकडी किंवा नुसती जमीन, दारापाशी उकडलेली अंडी, चणे आणि तळलेली बोटी विकणाऱ्या बायका. बांधकामावरचे मजूर, हमाल, रिक्षावाले कामावरून सुटले की इथे येतात. घरकाम करणाऱ्या, विटा-वाळू वाहणाऱ्या बायकाही येतात आणि उघडपणे बसतात. महाराष्ट्रातल्या देशी दारूच्या दुकानात हे दृश्य क्वचितच दिसेल. या जागांकडे शहर दोनच नजरांनी पाहते. एक नजर किळसेची, दुसरी 'आपली जुनी संस्कृती' म्हणून कौतुकाची. दोन्ही नजरांतून खरा प्रश्न सुटतो. पेल्यातली ताडी कोणत्या झाडाची, कोणी उतरवलेली आणि किती वेळापूर्वीची, हे या आवारात बसलेल्या एकालाही सांगता येत नाही. जुलै 2025 मध्ये भेसळीची ताडी पिऊन कुकटपल्लीत जी माणसे मेली ती या अज्ञानामुळे मेली, आणि उपायही तिथूनच सुरू करावा लागेल, असे मला वाटते.

हा मुद्दा नीट समजण्यासाठी थोडे लांब, स्कॉटलंडपर्यंत जावे लागेल. तिथे लहानसहान गावांत पबची पायी फेरी निघते. माहीतगार माणूस पुढे, मागे पाहुणे, आणि एका पबातून दुसऱ्या पबात जाताना इमारतीचा, गावाचा, माणसांचा इतिहास सांगितला जातो. एडिंबरोत तर लेखकांच्या आठवणींशी जोडलेली पबची फेरी 1996 पासून चालते. आपल्याला हे परदेशी मौजेचे प्रकरण वाटते. पण अशी फेरी निघू शकते यामागे एक अट पुरी झालेली असते: त्या जागेला सांगण्यासारखा आणि तपासता येण्यासारखा भूतकाळ असतो. परवाना कोणाचा, बिअर कुठल्या भट्टीची, गावाशी तिचे नाते काय, हे सगळे उघड असते. एडिंबरोच्या जवळच्या प्रेस्टनपॅन्स आणि न्यूटनग्रेंज या खाणकामगारांच्या गावांत तर याहून पुढची गोष्ट पाहायला मिळते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात 1860 च्या दशकात एक पद्धत सुरू झाली होती. दारूविक्री एका विश्वस्त कंपनीकडे द्यायची, भागधारकांना वर्षाला जास्तीत जास्त पाच टक्के द्यायचे आणि उरलेला नफा लोकोपयोगी कामाला लावायचा. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या कोळसापट्ट्यात आली. न्यूटनग्रेंजचे 'डीन टॅव्हर्न' 1899 चे, प्रेस्टनपॅन्सचे 'गोथेनबर्ग' 1908 चे. लोक त्यांना नुसते 'गॉथ' म्हणत. उधारी बंद, पिण्याचा आग्रह नाही, आणि नफ्यातून गावाला बागा, खेळाची मैदाने, वाचनालये. त्या वेळच्या दारूबंदीवाल्यांनी यावर टीका केली की पिण्याला समाजसेवेचा मुलामा दिला जातो आहे. टीकेत तथ्य होते. तरीही एक गोष्ट या पद्धतीने साधली: दुकानदाराचा फायदा आणि गिऱ्हाइकाने जास्त पिणे यांच्यातला थेट धागा तिने तोडला, आणि दुकान गावाला उत्तर देण्यास बांधील झाले.

ताडीच्या बाबतीत ही बांधिलकी पूर्वी कायद्याने नव्हे, ताडीच्या स्वभावाने येत असे. ताडाच्या फुलोऱ्याला किंवा शिंदीच्या शेंड्याजवळच्या खोडाला छेद दिला की रस पाझरतो. मडक्याला आतून चुना लावला आणि पहाटे लगेच उतरवला तर तो नीरा. गोड, न आंबलेला. चुना नसेल तर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट झाडावरच काम सुरू करते. दिवस चढेपर्यंत त्याची फेसाळ, आंबटगोड ताडी होते, तिच्यात साधारण चार-पाच टक्के मद्यार्क असतो, म्हणजे बिअरइतकाच. पुढचा एखादा दिवस गेला की तिचे आंबट पाणी होते आणि ती पिण्याजोगी राहत नाही. द्राक्षाची वाइन मुरते, धान्याची दारू वर्षानुवर्षे पिंपात टिकते. ताडीला दुसरा दिवसही धड मिळत नाही. म्हणून ती झाडाजवळच प्यावी लागे. गावातला गौड, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ताडी उतरवणारा माणूस, सकाळ-संध्याकाळ कमरेला 'मोकू'चा दोर लावून चढे, आणि पिणारे त्याला नावाने ओळखत. नासकी किंवा पाणी घातलेली ताडी दिली तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना तोंड दाखवायचे असे. ऋतूंचाही लगाम होता. शिंदीचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यातला, ताडाचा उन्हाळ्यातला, आणि ताडातही नर-मादी झाडांचे काळ वेगळे. झाडाला विसावा द्यावाच लागतो. निसर्गाने घातलेल्या या मर्यादा पिणाऱ्याच्या हिताच्या होत्या. शहराने त्या एकेक करून मोडल्या आणि त्यांच्या जागी दुसरी कोणतीच मर्यादा आणली नाही.

कुकटपल्ली हे हैदराबादच्या वायव्येचे गाव. आसपासच्या तळ्यांच्या बांधांवर शिंदी आणि रानोमाळ ताड, अशी दख्खनच्या या पठाराची जुनी रचना. मराठवाड्यातल्या वाचकाला शिंदीचे बन म्हणजे काय ते सांगायला नको. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि तेलंगण दोन्हीकडे एकच आबकारी खाते होते आणि जमीन महसुलाखालोखाल त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीत मोठे होते. 1947 मध्ये स्टेट काँग्रेसने निजामाविरुद्ध लढा पुकारला तेव्हा करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी उद्ध्वस्त करण्याबरोबर शिंदीची झाडे तोडणे हाही कार्यक्रमाचा भाग होता, तो याच कारणाने. झाड तोडणे म्हणजे तिजोरीवर घाव घालणे होते. स्वातंत्र्यानंतर झाडे तोडण्याचे काम वेगळ्या कारणांनी चालू राहिले. 1960 च्या दशकात बालानगरला आयडीपीएल हा सरकारी औषध कारखाना आणि कुकटपल्लीजवळ स्फोटके बनवणारी आयडीएल आली, मग गृहनिर्माण मंडळाची केपीएचबी कॉलनी, जेएनटीयू हे तंत्रविद्यापीठ, 1998 मध्ये शेजारच्या माधापूरला सायबर टॉवर्स. 2007 मध्ये कुकटपल्लीची नगरपालिका बृहन्‌हैदराबाद महापालिकेत विलीन झाली. 2017 मध्ये मेट्रो आली. या साऱ्या काळात झाडे गेली, माणसे मात्र वाढली, आणि त्यांतली बरीचशी अशा गावांतून आली जिथे बोनालूच्या सणाला देवीला ताडीचा नैवेद्य दाखवतात आणि दसऱ्याला मटणासोबत ताडी हवीच असते. मागणी शहरात आली, पुरवठा गावाकडेच राहिला. मधल्या अंतरात टँकर, दलाल आणि नशेची पावडर शिरली.

हे अंतर सरकारला माहीत नव्हते असे नाही. 2004 मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने हैदराबाद शहरातली ताडीची दुकाने बंद केली तेव्हा शहरापासून 50 किलोमीटरच्या आत पुरेशी झाडेच नाहीत, हे कारण पुढे केले गेले. दहा वर्षांनी, तेलंगण वेगळे झाल्यावर 2014 मध्ये के. चंद्रशेखर राव यांच्या सरकारने दुकाने पुन्हा उघडली. तेव्हाचे कारण होते गौडांचा रोजगार. या दोन निर्णयांकडे राजकारण म्हणून पाहिले जाते, आणि ते होतेही. पण दोन्हींत एक समान चूक होती. बंद करणाऱ्यांनी झाडांचे कारण दिले, मात्र झाडे किती आणि त्यांतून ताडी किती याचा हिशेब लोकांसमोर ठेवला नाही. उघडणाऱ्यांनी रोजगाराचे कारण दिले, मात्र पन्नास किलोमीटरमधली झाडे दहा वर्षांत कुठून उगवली याचे उत्तर दिले नाही. झाडाचा प्रश्न एकदा सबब म्हणून वापरला गेला आणि दुसऱ्यांदा विसरला गेला.

या विस्मरणाची किंमत जुलै 2025 मध्ये चुकवावी लागली. हैदरनगर, शमशीगुडा आणि कुकटपल्लीच्या इतर भागांतल्या दुकानांत ताडी प्यालेल्या लोकांना उलट्या, जुलाब सुरू झाले, रक्तदाब घसरला, काहींची मूत्रपिंडे निकामी झाली आणि निम्स रुग्णालयात डायलिसिस करावे लागले. सुरुवातीला एक-दोन वाटणारी मृतांची संख्या पुढच्या काही दिवसांत वाढत गेली. ताडीच्या नमुन्यांत अल्प्राझोलम सापडले. दुकानांचे परवाने रद्द झाले, विक्रेत्यांना अटक झाली, आबकारी अधिकाऱ्यावर कारवाई झाली. यात लक्षात ठेवायची गोष्ट ही की ही चोरटी भट्टी नव्हती. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते बेकायदा धंद्यातून. कुकटपल्लीची दुकाने परवान्याची होती. सरकारी शिक्का होता, भिंतींचे आवार होते, रोजचे गिऱ्हाईक होते. नव्हती ती एकच गोष्ट: पेल्यातल्या द्रवाला मागे झाडापर्यंत नेणारी नोंद.

अल्प्राझोलम ताडीत का येते हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर सारा दोष काही लोभी माणसांवर टाकून आपण मोकळे होऊ. ही चिंता आणि निद्रानाशावरची गोळी; डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी. पाच लिटर खऱ्या ताडीत पाणी घालून पंधरा लिटर केली की चव जाते, फेस जातो, नशा जाते. चवीला सॅकरीन येते, फेसाला आणखी काही येते, आणि नशेला अल्प्राझोलम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट. शेवटचे नाव महाराष्ट्रालाही नवे नाही. सोलापूर-पुण्याकडच्या ताडीच्या छाप्यांत ते पुन्हा पुन्हा येते. ही औषधे मद्यासोबत गेली की मेंदूवरचा आणि श्वासावरचा दाब वाढतो. त्याहून वाईट म्हणजे त्यांची सवय लागते. पिणारा समजतो की त्याला ताडीची ओढ आहे. प्रत्यक्षात त्याच्या शरीराला गोळीची ओढ लागलेली असते, आणि शुद्ध ताडी दिली तर ती त्याला 'पाणचट' लागते. म्हणजे भेसळ एकदा रुजली की प्रामाणिक दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. औषधनिर्मितीचे शहर असल्याने हैदराबादेत या पावडरीचे रसायनशास्त्र जाणणारी माणसे आणि कच्चा माल दोन्ही हाताशी आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये जुन्या बोवनपल्लीत एका शाळेच्या इमारतीत अल्प्राझोलम बनवण्याचा कारखाना पोलिसांनी पकडला, आणि त्याचा माल ताडीच्या आगारांकडे जात असल्याचे समोर आले. मुले शिकत होती त्याच वास्तूत हे चालले होते. ज्या व्यवसायाचा सारा पाया झाड आहे, त्याचा कच्चा माल प्रयोगशाळेत तयार होऊ लागला, याहून अंतराचा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता साधे अंकगणित करून पाहू. समजा एका दुकानात दिवसाला हजार लिटर ताडी खपते. झाडामागे सरासरी चार लिटर धरले, तर त्या एका दुकानासाठी रोज पाझरणारी अडीचशे झाडे हवीत. प्रत्येक झाडाला विसावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. एक माणूस सकाळ-संध्याकाळ तीस-चाळीस झाडे करू शकला, तर सात-आठ गौड फक्त त्या दुकानासाठी झटले पाहिजेत. शिवाय हा माल आंबून जाण्याआधी काही तासांत शहरात पोचायला हवा. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची ही रीत कोणालाही वापरता येईल. दुकानाची विक्री त्याच्या झाडांच्या आवाक्याबाहेर असेल, तर उरलेले काय आहे याचा अंदाज करायला प्रयोगशाळेची गरज नाही. निजामाच्या आणि नंतरच्याही आबकारी पद्धतीत झाडामागे कर होता. म्हणून झाडांची मोजणी होत असे, त्यांच्यावर खुणा होत असत. करासाठी झाड मोजता येत होते, तर माणसे वाचवण्यासाठीही मोजता आले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: एवढा खटाटोप कशाला, दुकानेच बंद करा. राज्यघटनेचे 47 वे कलम मादक पेयांच्या बंदीच्या दिशेने जायला सांगते, आणि दारूविरुद्ध बायकांनी उभारलेला देशातला मोठा लढा याच तेलुगू मुलखातला आहे. 1992 मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावातल्या बायकांनी साक्षरता वर्गातून धीर घेऊन अरकाची, म्हणजे स्वस्त देशी दारूची, दुकाने बंद पाडली, 1993 मध्ये अरकावर बंदी आली आणि 1995 मध्ये एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदी केली. त्या बायकांच्या अनुभवाचा मला पूर्ण आदर आहे. नवऱ्याची मजुरी घरी येण्याआधी संपते तेव्हा 'नियंत्रण' हा शब्द पोकळ वाटणारच. पण ती संपूर्ण बंदी 1997 मध्ये उठली. आपल्याकडे चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठवली गेली, कारण दारू थांबली नव्हती, चोरटी झाली होती. ताडीबाबत तर आणखी कठोर पुरावा आहे. 2015 च्या सप्टेंबरात तेलंगणात भेसळीविरुद्ध एकदम मोहीम निघाली. निजामाबाद, महबूबनगर भागात ज्यांच्या अंगात ही औषधे मुरली होती त्यांना झटके, भ्रम, थरथर सुरू झाली. रुग्णालये आणि एर्रागड्ड्याचे मनोरुग्णालय भरले, काही दगावले. दुकान एका दिवसात बंद होते, सवय एका दिवसात सुटत नाही. म्हणून ज्याला बंदीच हवी आहे त्यानेही आधी भेसळ संपवली पाहिजे आणि सवय लागलेल्यांच्या उपचाराची सोय केली पाहिजे. शिवाय गावाने ठरवून आपल्या हद्दीतले दुकान हटवायचे तर त्याचा रस्ता उघडा असावाच. स्कॉटलंडमध्ये 1913 च्या कायद्याने गावांना मतदानाचा हक्क मिळाला आणि विक नावाचे बंदराचे गाव 1922 ते 1947 कोरडे राहिले. महाराष्ट्रात बायका 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान करतात तेही हेच. कुकटपल्लीच्या वस्तीलाही तो हक्क असावा.

दुसरा आक्षेप स्कॉटलंडवर आहे. दारूने ज्या देशाचे एवढे नुकसान केले त्याचे उदाहरण आम्हाला का देता? 2023 मध्ये तिथे 1,277 माणसे केवळ दारूमुळे मेली. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाला हा आकडा भयंकर आहे. त्यामुळेच त्यांनी 2018 मध्ये मद्याच्या प्रत्येक एककाला किमान 50 पेन्स भाव ठरवला आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो 65 पेन्स केला. पण हा भाव मुख्यतः कोणाला लागतो? पबला नव्हे, तिथला भाव आधीच जास्त असतो. तो लागतो सुपरबाजारातल्या स्वस्त बाटल्यांना. तिथे आज बहुतांश मद्य पबमध्ये नव्हे, दुकानातून नेऊन घरी प्यायले जाते. म्हणजे स्कॉटलंडचा अनुभव माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. चारचौघांत, ओळखीच्या माणसाच्या हातून, ठरलेल्या वेळी प्यायले जाणारे पेय आटोक्यात ठेवणे त्यामानाने सोपे. बाटलीत बंद होऊन दूरवरून आलेले, एकट्याने प्यायले जाणारे अवघड. कुकटपल्लीच्या कंपाउंडमध्ये चारचौघांत बसण्याचा भाग अजून जिवंत आहे. हरवला आहे तो ओळखीचा हात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: शहरात झाडेच नाहीत, तर शहरात ताडी का हवी? ज्याला हवी त्याने गावी जाऊन प्यावी. याचे उत्तर देताना गौडांच्या बाजूने विचार करावा लागतो. हे काम जिवावरचे आहे. पन्नास-साठ फुटांवरून पडून दरवर्षी माणसे मरतात, पाठीचे कणे मोडतात. सरकारला याची जाणीव आहे, म्हणून 2021 मध्ये दारू दुकानांत गौडांना 15 टक्के आरक्षण मिळाले आणि 2024 मध्ये 'काटमय्या रक्षा कवचम' नावाने चढणाऱ्यांना सुरक्षेचे साहित्य देण्यास सुरुवात झाली. रेणुका यल्लम्मेला मानणाऱ्या, अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल सत्तेला हादरवणाऱ्या सर्वाई पापन्नाला आपला म्हणणाऱ्या या समाजासाठी ताडी हा केवळ धंदा नाही. पण शहरातल्या भेसळीच्या दुकानातून या चढणाऱ्या माणसाला काय मिळते? पावडर जितकी वाढते तितकी झाडाची गरज कमी होते. रोजगाराच्या नावाने उघडलेले दुकान भेसळीवर चालत असेल तर ते रोजगाराचा गळा घोटते, आणि हे गौडांच्या संघटनांनीच सर्वांत मोठ्याने म्हणायला हवे. शहरात ताडी आणणे अशक्यही नाही. 2023 मध्ये हुसेन सागराच्या काठावर सरकारने नीरा कॅफे सुरू केला. ताडीपेक्षाही नाजूक असलेला नीरा थंड ठेवून शहरात आणता येतो, हे त्यातून दिसले. जे तळ्याकाठच्या पर्यटकासाठी जमते ते हैदरनगरच्या हमालासाठी का जमू नये?

इथे वर्गाचा प्रश्न येतो आणि तो टाळता येत नाही. 2015 नंतर हैदराबादेत मायक्रोब्रुअऱ्यांना परवानगी मिळाली. कुकटपल्लीपासून जवळच माधापूर-गच्चीबावलीकडे अशा जागा आहेत. तिथे बिअर त्याच आवारात बनते, पिंपे काचेआड दिसतात, किती लिटर बनली याची नोंद खात्याकडे असते. म्हणजे उगमापाशी नियंत्रण ठेवण्याची कला आबकारी खात्याला येते; ती चांगल्या पगाराच्या माणसासाठी वापरली जाते. मजुराच्या ताडीसाठी मात्र परवाना दिला की काम संपते, आणि माणसे मेली की छापे सुरू होतात. दुधाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे गावच्या दूध संस्थेत प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाची फॅट रोज सकाळ-संध्याकाळ बघतात, पावती देतात. ताडीही पहाटे काढलेला, घाईने नासणारा, सहकारी सोसायटीतून येणारा माल आहे. तेलंगणात ताडी उतरवणाऱ्यांच्या सोसायट्या आहेतच. दुकानाच्या दारावर तेलुगूत ठळक फळा हवा: कोणती सोसायटी, कोणते गाव, किती झाडे, आज किती लिटर, किती वाजता उतरवली. अल्प्राझोलमची प्राथमिक चाचणी दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर व्हावी. माल संपला की दुकान बंद. हंगाम संपला की दुकान बंद. आणि या फळ्याकडे बघायला वस्तीतली माणसे हवीत, बचतगटाच्या बायका, डॉक्टर, शिक्षक.

पायी फेरीचा उपयोग इथे आहे. मूसापेटपासून हैदरनगरपर्यंतचे सहा-सात किलोमीटर मेट्रोच्या पुलाखालून चालत, एकेका कंपाउंडचा फळा वाचत जाणारे नागरिक, हे दर महिन्याला घडू शकते. पिणे हा तिचा उद्देश नसेल, म्हणून तिच्यामुळे पिण्याचा प्रचार होईल ही भीती मला पटत नाही. फेरीत येणाऱ्याला कळेल की समोरच्या दुकानात खपते तेवढी ताडी त्या गावच्या झाडांतून येऊ शकते की नाही, आणि दुकानदारालाही कळेल की कोणीतरी मोजते आहे. आबकारीच्या निरीक्षकाला लाच देऊन गप्प करता येते. दर महिन्याला बदलणाऱ्या पन्नास माणसांना गप्प करणे कठीण. स्कॉटलंडमधल्या फेऱ्या करमणुकीच्या आहेत. कुकटपल्लीची फेरी नागरी देखरेखीची असेल, आणि मला ती जास्त मोलाची वाटते.

या सगळ्याचा निर्णय शेवटी झाडांवर येऊन थांबतो. 2015 पासून तेलंगणाच्या हरितहारम या वृक्षारोपण योजनेत तळ्यांच्या बांधांवर शिंदीची आणि ताडाची रोपे लावली गेली. शिंदी साधारण पाच-सात वर्षांत रस देऊ लागते. ताडाला पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणजे तेव्हा लावलेली शिंदी आता हाताशी येत असेल, ताड 2030 च्या पुढे. त्याच वेळी शहराभोवतीच्या 158 किलोमीटरच्या बाह्य वळणरस्त्यालगत प्लॉट पडत आहेत आणि त्याहून बाहेर प्रादेशिक वळणरस्ता आखला जातो आहे. या दोन वर्तुळांमधला बराचसा पट्टा 2004 मध्ये पुढे केलेल्या त्या 50 किलोमीटरमध्येच येतो. तिथली प्रत्येक शिंदी गावनिहाय मोजून यादी जाहीर करावी, बिल्डरच्या परवानगीच्या फाइलीत त्या झाडांचा रकाना असावा, आणि कुकटपल्लीत पुढचा परवाना देण्याआधी त्या यादीतल्या झाडांचे क्रमांक अर्जावर लिहून घ्यावेत. ज्या अर्जावर क्रमांक नसतील त्याला परवाना नाही. हे काम तहसील कचेरीतले कर्मचारी, आबकारीचे शिपाई आणि सोसायटीचे गौड मिळून एका हिवाळ्यात करू शकतात.